केंटच्या शेतात सापडलेलं पितळी बटण: १०३ नंबरची पलटण कुठली?

मेडवेकाठचा

नमस्कार मंडळी. वाचक जुना, लिहितो क्वचित. आज मात्र मदत हवी आहे.

दोन वर्षांपासून मला मेटल डिटेक्टरचं खूळ लागलंय. शनिवार उजाडला की कानाला हेडफोन, हातात दांडा, खांद्याला खुरपं अडकवून मी शेतात. इथं केंट परगण्यात, फॅव्हरशॅमच्या जवळ, एका शेतकरीबुवांनी परवानगी दिली आहे. लेखी आहे, त्यामुळे त्यावरून कुणी सुरू होऊ नका. आतापर्यंतची कमाई म्हणजे बाटल्यांची बुचं, काडतुसांची पितळी बुडं, ट्रॅक्टरचे नट आणि व्हिक्टोरिया राणीची एक झिजून गुळगुळीत झालेली पेनी.

गेल्या शनिवारी गव्हाच्या धसकटांत वीतभर खोलीवर हे बटण निघालं. धातू पितळ. व्यास पाऊण इंचाहून थोडा जास्त. मागची कडी वाकलीये पण शाबूत आहे. पुढच्या बाजूला मधोमध आकडा आहे: एक, शून्य, आणि तिसरा मला तरी ३ वाटतोय. भोवती गोल कडं आहे, त्यावर काहीतरी होतं ते पार झिजलंय. मागे बारीक अक्षरं आहेत, त्यातलं 'राइट' नीट वाचता येतं आणि 'बर्मिंगहॅम'चा अर्धामुर्धा भाग.

एक कबुली. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली आहे. मी बटण ओट्यावर ठेवून आंघोळीला गेलो. परत येईपर्यंत तिनं देवाची भांडी घासता घासता तेही चिंच-मिठानं घासून टाकलं. "किती कळकलं होतं रे," म्हणाली. आता ते निरांजनासारखं लखलखतंय.

पलटण कुठली, काळ कुठला, आणि हे केंटच्या शेतात कसं आलं? फोटो खाली देतोय.

---

खडकी_बाजार

अहो, काय सापडलंय तुम्हाला कल्पना आहे का!

१०३ म्हणजे १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स. ईस्ट इंडिया कंपनीची सगळ्यात जुनी गोरी पलटण. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजानं मुंबई बेट कंपनीला दिलं, तेव्हा बेटावरचे शिपाई कंपनीच्या नोकरीत आले, तिथून हिची सुरुवात. पुढे ती बॉम्बे युरोपियन रेजिमेंट झाली. आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या माळावर बापू गोखल्यांच्या फौजेसमोर उभी होती ती हीच! लढाईच्या जेमतेम आठवडाभर आधी मुंबईहून पुण्यात पोचली होती. बाजीराव पर्वतीवरून बघत होता, मोर दीक्षित पडले, संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. पलटणीच्या निशाणावर 'कर्की' (म्हणजे खडकीच, इंग्रजी तोंडात) हे नाव शेवटपर्यंत होतं.

मी त्या मैदानापासून चालत पंधरा मिनिटांवर राहतो. अंगावर काटा आला. तुमचं बटण खडकीला होतं, साहेब!

---

निरर्थक

बटण इंग्लंडात, लढाई खडकीत, धुलाई सांगलीच्या हातची. धागा शंभरी गाठणार. इथंच बसकण मारतो.

---

जुनं_पितळ

मेडवेकाठचा, आधी रागावून घेते, मग मदत करते.

जमिनीतून निघालेल्या पितळेला चिंच, लिंबू, व्हिनेगर, पीतांबरी यांतलं काहीही लावायचं नाही. आंबटानं पितळेतलं जस्त आधी सुटतं आणि वर तांबं उरतं, म्हणून फोटोत डाव्या कडेला गुलाबी डाग दिसतायत. वरचा हिरवट-तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे, तेच त्याचं कातडं. तो थर गेला की बारीक नक्षीही जाते. साधं पाणी, मऊ ब्रश, लाकडी टूथपिक, बास. आईंना माझा नमस्कार सांगा आणि यापुढे सापडलेली वस्तू ओट्यावर ठेवू नका.

आता बटणाकडे. मी बर्मिंगहॅममध्ये राहते. एकेकाळी निम्म्या जगाची बटणं या गावात होत, त्यामुळे इथं राहणाऱ्याला हा आजार होतोच.

लष्करी बटण ओळखताना चित्र शेवटी बघायचं. आधी धातू. ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर पलटणीचा आकडा घालायचा हुकूम १७६७ चा. तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षं साध्या शिपायाचं बटण प्यूटरचं होतं, म्हणजे मुख्यतः कथील. शेतात सापडतं तेव्हा ते राखाडी, ठिसूळ, कुजक्या दातासारखं दिसतं. सोनेरी मुलाम्याची किंवा चांदीची बटणं फक्त अधिकाऱ्यांना. १८५५ मध्ये नवा ट्युनिक, म्हणजे गणवेशाचा कोट, आला आणि शिपायालाही पितळी बटण मिळालं. पण ते फार टिकलं नाही. १८७१ मध्ये खर्च आणि कटकट वाचवायला बहुतेक सगळ्या पलटणींच्या शिपायांना एकच सरसकट बटण दिलं: सिंह, एकशिंगी घोडा आणि मध्ये राजचिन्ह. इंग्लंडच्या कुठल्याही शेतात आज ढिगानं सापडतं ते हेच. आणि १८८१ मध्ये तर पलटणींचे आकडेच गेले, त्यांना जिल्ह्यांची नावं मिळाली.

म्हणजे शिपायाचं पितळी आणि आकडा असलेलं बटण फक्त १८५५ ते १८७१ या सोळा वर्षांतलं. तुमचं त्यातलं दिसतंय. त्यावर मुलाम्याचा मागमूस नाही आणि मागचं 'राइट' म्हणजे स्मिथ अँड राइट, बर्मिंगहॅम. त्या काळच्या शिपाई बटणांवर हा शिक्का मला नेहमी दिसतो.

आता खडकी_बाजार यांच्यासाठी. १०३ हा आकडा त्या पलटणीला १८६२ मध्ये मिळाला. १८१७ मध्ये तिच्या अंगावर १०३ असणं शक्यच नाही. उलट त्या काळात दुसरीच एक १०३ होती, १८०८ ते १८१७ ची. ती कॅनडात लंडीज लेन आणि फोर्ट ईरीला अमेरिकनांशी लढली आणि मग मोडली. तिच्या शिपायाचं बटण प्यूटरचं असतं, पितळी नाही.

काटा आला असेल तर सावकाश खाली बसू द्या.

---

खडकी_बाजार

बसला. पण माणसं तीच ना हो?

---

जुनं_पितळ

१८१७ चा वीस वर्षांचा शिपाई १८६२ मध्ये पासष्ट वर्षांचा. तुम्हीच सांगा.

---

बेळगावी

रामराम मंडळी. मी फौजेतला माणूस, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. ताई म्हणतात ते गोऱ्या पलटणींचं झालं. पण १०३ म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर दुसरंच येतंय बघा.

१९०३ मध्ये हिंदी फौजेच्या सगळ्या पलटणींना नव्यानं आकडे दिले. मुंबई इलाख्याच्या जुन्या आकड्यांत शंभर मिळवले, असा साधा हिशेब. तेव्हा १०३ झाली '१०३ मराठा लाइट इन्फंट्री'. तीच आमची आजची पहिली बटालियन, जंगी पलटण, १७६८ मध्ये उभी राहिलेली. १०५ म्हणजे काळी पाचवी. ११० आणि ११७ पण मराठेच. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होत्या आणि कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. घोडी कापून खायची पाळी आली. शेवटी शरणागती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची किती पोरं तिथनं परत आलीच नाहीत.

१९२२ मध्ये आकडे पुन्हा बदलले. म्हणजे आमच्या हिशेबानं १०३ म्हणजे १९०३ ते १९२२. याचाही विचार व्हावा.

---

चौकस_काकू

अगं बाई. म्हणजे एकाच आकड्याच्या तीन पलटणी? एक कॅनडात, एक मुंबईची गोरी, एक आपली मराठा? एवढे आकडे असताना परत परत तेच का द्यायचे?

---

निरर्थक

काकू, एस.टी.च्या गाड्यांचे नंबर बघितलेत का कधी?

---

मेडवेकाठचा

सुभेदारसाहेब, तुमचं वाचून पुन्हा भिंग घेऊन बसलो. आजोबांचे एक चुलते मेसोपोटेमियाला गेले होते अशी घरात दंतकथा आहे, त्यामुळे मनातून वाटत होतं की असावं. पण लाइट इन्फंट्री म्हणजे बिगुलाचं चिन्ह हवं ना? बटणावर बिगुल कुठंच दिसत नाही. आकडा आणि कडं, एवढंच.

---

बेळगावी

बिगुल पाहिजेच. बिगुल नसला तर आमचं नव्हे. उगाच ओढून आणायचं नाही.

---

जुनं_पितळ

सुभेदारसाहेबांचा मुद्दा फार मोलाचा आहे. माझ्या डोक्यात १९०३ चे आकडे आलेच नव्हते.

मेडवेकाठचा, मला त्या तिसऱ्या आकड्याचीच शंका येतेय. झिजलेला ३, ५, ६, ८ आणि ९ हे सगळे एकाच आईची लेकरं दिसतात. आणि या बटणाच्या बाबतीत तो एकेक आकडा महाग आहे. १८५७ नंतर कंपनी सरकार गेलं आणि तिच्या नऊ गोऱ्या पायदळ पलटणी राणीच्या फौजेत घेतल्या. त्यांना १०१ ते १०९ असे ओळीनं आकडे दिले. १०१, १०४, १०७ बंगालच्या, १०२, १०५, १०८ मद्रासच्या, १०३, १०६, १०९ मुंबईच्या. म्हणजे तिसरा आकडा कुठलाही निघो, बटण हिंदुस्थानचंच. मुंबईचं की नाही, एवढंच ठरायचंय.

हे लष्करात घेणं सुखासुखी झालं नाही, तेही सांगते. कंपनीचे गोरे शिपाई म्हणाले, आम्ही कंपनीकडे भरती झालो, राणीकडे नाही. गुरं विकल्यासारखं आम्हाला न विचारता कसं दिलं? नवी भरती धरा आणि तिचा बक्षीस-पैसा द्या. १८५९ मध्ये छावण्यांतून त्यांनी कवायत नाकारली. 'गोऱ्यांचं बंड' म्हणतात ते हेच. सरकारनं पैसा दिला नाही, पण ज्याला जायचं त्याला जाऊ दिलं. सुमारे दहा हजार जण नोकरी सोडून चालते झाले.

आता काम. फोटो पुरे. शाळेत वहीच्या कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसं करा. पातळ कागद, मऊ पेन्सिल, आडवी धरून. डोळ्याला न दिसणारा उंचवटा पेन्सिलीला कळतो. आणि खोलीत अंधार करून टॉर्च बटणाच्या कडेनं, जमिनीलगत सूर्य असावा तसा धरून चारी बाजूंनी फोटो काढा.

---

गडवाट

धागा भारी. मी पण विचार करतोय, एक डिटेक्टर ऑनलाइन मागवावा. सिंहगड-राजगडाच्या घेऱ्यात फिरलं तर काय काय मिळेल. कुणी मॉडेल सुचवेल का?

---

वकिली_चष्मा

गडवाट, मॉडेल नाही, कलमं सुचवतो.

संरक्षित स्मारकाच्या हद्दीत खणणं १९५८ च्या कायद्यानं गुन्हा. किल्ल्याबाहेर, स्वतःच्या शेतात सापडलं तरी १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे: दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत पुरलेलं मिळालं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये १८७८ चे, आजही तेवढेच लिहिलेत. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपलीकडची वस्तू म्हणजे पुरावस्तू, ती परवान्याशिवाय विकता येत नाही, देशाबाहेर नेता येत नाही.

इंग्लंडातलं गणित वेगळं आहे. तिथं जमीनमालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित नसेल तर डिटेक्टर चालतो. सोनं-चांदी, नाण्यांचा साठा असलं काही निघालं तर १९९६ च्या ट्रेझर कायद्याखाली कळवावं लागतं. एक सुटं पितळी बटण त्यात बसत नाही. आयर्लंडमध्ये मात्र पुरावस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर सरकारी संमती लागते. मेडवेकाठचा तिकडं सहलीला गेले तर दांडा घरी ठेवावा.

गडावर माती उकरू नका हो. वस्तू कुठल्या थरात होती हे एकदा गेलं की गेलं.

---

गडवाट

समजलं. दुर्बीण घेतो त्यापेक्षा.

---

मेडवेकाठचा

निकाल लागला!

पेन्सिल मी घासली तर नुसता काळा गोळा. आई म्हणाली, "आण इकडं." चपातीचं पीठ लावल्यासारखा हलका हात. तीन कागद वाया गेले, चौथ्यावर आकडा उठला. वरचं वेटोळं पूर्ण बंद आहे, डावी बाजू झिजल्यामुळे मला ते उघडं दिसत होतं. खालची शेपटी आत वळलेली. टॉर्चच्या फोटोतही तेच.

१०९.

आईचं म्हणणं असं की चिंच लावली नसती तर हे दिसलंच नसतं. मी वाद घातलेला नाही.

---

निरर्थक

उलटं धरून बघितलंत का? ६०१ निघेल. ५०१ बारचा थोरला भाऊ.

---

जुनं_पितळ

आईंचा हात सोन्याचा. चिंच सोडून.

१०९ वी रेजिमेंट ऑफ फूट, बॉम्बे इन्फंट्री. कंपनीच्या काळातलं नाव तिसरी बॉम्बे युरोपियन. १८५३ मध्ये उभी केलेली, म्हणजे त्या कुळातली शेंडेफळ. १८६२ मध्ये १०९ झाली, आणि १८७१ मध्ये शिपायांची आकड्यांची बटणं बंद झाली. तुमचं बटण या नऊ वर्षांतलं. एवढी अरुंद तारीख रोमन नाण्यालासुद्धा सहसा मिळत नाही.

सुभेदारसाहेबांच्या हिशेबानं १९०३ नंतर हिंदी फौजेतही १०९ इन्फंट्री होती, ती शक्यता मी विसरलेले नाही. पण शिपायाच्या बटणाची घडण, मागचा शिक्का आणि सापडलेली जागा तिन्ही मिळून मी १८६२–७१ वर बोट ठेवते.

---

खडकी_बाजार

तिसरी बॉम्बे युरोपियन?? थांबा थांबा. ही तर झाशीची!

इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या सेंट्रल इंडिया फौजेत ही पलटण होती. मार्च १८५८ मध्ये झाशीला वेढा, १ एप्रिलला बेतवेवर तात्या टोप्यांचा पराभव, ३ एप्रिलला पहाटे तटावर हल्ला. उजव्या बाजूनं शिड्या लावून चढणाऱ्यांत तिसरी बॉम्बे युरोपियन. काही शिड्या आखूड पडल्या, काही मोडल्या, तरी घुसले. ४ तारखेच्या रात्री राणीसाहेब किल्ल्यातून निघाल्या. आणि त्यानंतर शहरात जे झालं ते आपल्याच एका माणसानं डोळ्यांनी पाहिलं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीत अडकले होते. गोऱ्यांनी घरात शिरून काय केलं, माणसं कशी लपली, विहिरींचं काय झालं, सगळं त्यांनी लिहून ठेवलंय.

मी या वेळी काटा वगैरे काही म्हणत नाही. पण मेडवेकाठचा, तुमच्या हातात काय आहे याचा विचार करा.

---

चौकस_काकू

हे वाचून मला ते बटण घरात ठेवावंसं वाटणार नाही. चिंचेनं घासलं ते बरंच झालं म्हणायचं.

---

मेडवेकाठचा

काकू, खरं सांगतो, काल रात्री मलाही तसंच झालं. आईनं झाशीचं ऐकलं आणि बटण देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवरून उचलून खिडकीत नेऊन ठेवलं. बोलली काही नाही.

---

जुनं_पितळ

खडकी_बाजार, सगळं बरोबर, फक्त तारीख पुन्हा बघा. झाशी १८५८. हे बटण लवकरात लवकर १८६२ चं. झाशीच्या तटावर चढलेल्या कोटावर १०९ नव्हतं.

तुम्ही आता म्हणाल, माणसं तीच. या वेळी म्हणू शकता, चारच वर्षांचं अंतर आहे. काही जण नक्कीच तेच असतील. पण मधल्या गोऱ्यांच्या बंडात पुष्कळ जुने शिपाई गेले आणि नवे आले. हे बटण कुणाच्या छातीवर होतं, झाशी बघितलेल्या म्हाताऱ्या शिपायाच्या की १८६५ मध्ये भरती झालेल्या पोराच्या, ते बटण सांगू शकत नाही. त्याच्याकडून तेवढं वदवून घ्यायचं नाही. मी दोन डबे भरून बटणं जमवली आहेत आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात त्याचं बटण वॉटर्लूला जाऊन आलेलं वाटतं.

---

बेळगावी

ताईंचं बरोबर आहे की हो. फौजेत वर्दी अंगावरनं उतरली की ती स्टोअरची. माणूस वेगळा, वर्दी वेगळी.

पुढं त्या १०९ चं काय झालं?

---

जुनं_पितळ

पुढचं जरा गमतीचं. १८८१ मध्ये तिची जोडी १०० व्या पलटणीशी लावली. १०० वी १८५८ मध्ये कॅनडात भरती केलेली. मुंबईची एक आणि कॅनडाची एक, दोघींना मिळून नाव दिलं आयर्लंडमधल्या प्रांताचं: लीन्स्टर रेजिमेंट. १०३ वी तशीच रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन झाली. डब्लिनच्या बिल्ल्यावर शेवटपर्यंत वाघ आणि हत्ती होते. डब्लिनच्या पोरांना टोपीवर हत्ती का, हे कुणी सांगत असेल का कोण जाणे. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९२२ मध्ये दोन्ही मोडल्या. त्या वर्षी १२ जूनला विंडसरच्या राजवाड्यात त्यांची निशाणं राजाच्या हवाली केली.

---

चौकस_काकू

ते सगळं ठीक. पण मूळ प्रश्न राहिलाच की! मुंबईच्या पलटणीचं बटण केंटच्या गव्हात कसं? तिथं छावणी होती का?

---

खडकी_बाजार

चॅटम केंटमध्येच आहे. जुनं लष्करी गाव. सुट्टीवर आलेला शिपाई असेल, शेतातून चालला असेल, बटण तुटलं असेल.

---

जुनं_पितळ

असेलही. पण मी दुसरीकडे पैज लावते. मेडवेकाठचा, त्या शेतात पूर्वी हॉप्सचे वेल होते का? बिअरला कडवटपणा आणतात ते. आसपास टोकदार टोपीची गोल घरं आहेत का, हॉप्स वाळवायची?

असतील तर उत्तर बहुधा चिंध्यांत आहे. यॉर्कशरमध्ये बॅटली आणि ड्यूसबरी ही जुन्या लोकरीची गावं. १८१३ च्या सुमारास बॅटलीत जुनं लोकरी कापड यंत्रानं पिंजून पुन्हा सूत काढायची युक्ती निघाली, त्या मालाला शॉडी म्हणतात. लष्करानं मोडीत काढलेले लाल कोट गाठोड्यांनी तिथं जात. शिवणी, कॉलर, तेलकट तुकडे, पिंजता न येणारं जे उरे ते खत म्हणून विकायचे. लोकर सावकाश कुजते आणि जमिनीला नत्र देत राहते. हॉप्सला ते फार मानवतं, म्हणून केंटचे बागायतदार ते गाडीच्या गाडी घेत. बटणं आधी काढून घेतलेली असत, पण एखादं शिवणीत राहायचंच.

म्हणून केंटच्या शेतांत अशा पलटणींची बटणं सापडतात ज्यांनी केंट कधी पाहिलंच नाही. कोट आला, माणूस नाही.

आणि हा धंदा आज कुठे आहे माहितीये? पानिपतला. युरोप-अमेरिकेतले जुने लोकरी कोट तिथं येतात, रंगांप्रमाणे निवडतात, पिंजतात आणि त्यांच्या घोंगड्या होतात.

---

निरर्थक

खडकी झाली, झाशी झाली, पानिपत राहिलं होतं. आता मराठी धागा पूर्ण झाला.

---

खडकी_बाजार

पानिपतावर मी वेगळा धागा काढतो.

---

निरर्थक

नको.

---

मेडवेकाठचा

उशीर झाला, माफ करा. दोन दिवस पाऊस होता, काल शेतावर गेलो.

शेतकरीबुवांना विचारलं. ते हसायला लागले. गोल घर आहेच, त्यात आता त्यांचा मुलगा राहतो. शेतात त्यांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत हॉप्स होते. आणि चिंध्या? "त्या वासानं आजी खिडक्या लावून घ्यायची," म्हणाले. रेल्वेनं पोती यायची, ओल्या कुत्र्यासारखा वास, आणि पोरांना काम असायचं चिंध्यांतून बटणं वेचायचं. त्यांच्या वडिलांकडे म्हणे बरणीभर होती. आता कुठे गेली कुणास ठाऊक.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. कोट मोडीत निघाला, गाठोडं बांधलं, यॉर्कशरला गेलं, तिथून शेतात. तिनं भाजी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे बोहारणीला दिलेला कोट की रे. भांडं मिळालं असेल का त्याला?"

बटण आता पुन्हा ओट्यावर आहे, मीठ-मसाल्याच्या डब्याशेजारी, एका छोट्या डबीत. डबीत चिठ्ठी ठेवली आहे: शेताचं नाव, खोली, तारीख, '१०९ बॉम्बे, १८६२–७१', आणि कंसात 'चिंच'.

जुनं_पितळ, तुमच्या पैजेला एक पुरवणी. काल त्याच पट्ट्यात, साठ-सत्तर पावलांच्या आत, आणखी तीन निघाली. एक तुमचं ते सिंह-घोड्याचं सरसकट बटण. एकावर तोफ आणि वर मुकुट. आणि तिसरं लष्कराचंच नाही, कुठल्याशा रेल्वे कंपनीचं आहे, नाव अर्धं गेलंय. आई पेन्सिल घेऊन बसली आहे.

---

जुनं_पितळ

तोफवाल्याचा मागचा फोटो टाका. आणि रेल्वेचं आधी मला दाखवा, मग आईंना.